नानांच्या पायातला काटा

माझ्या सासऱ्यांनी माझी पत्रिका पाहिली नाही, माझे पाय पाहिले. लग्नाचं बोलणं करायला ते कल्याणहून ठाण्याला आमच्या घरी आले, ओट्यावर बसले, माझ्या मामांनी पुढे केलेली पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हे सावकाश बघू. आधी तळवा."

मला वाटलं, हात बघणार. मी हात पुढे केला. "हा नव्हे, खालचा," ते म्हणाले. मग त्यांनी एक कोरडा पाट आणि तांब्याभर पाणी मागवलं. मी पाय ओले करून पाटावर उभं राहायचं आणि लगेच उतरायचं, असा हुकूम झाला. मी उतरल्यावर मामा, भटजी, शेजारचे दोघे आणि सासरे असे सगळे पाटावर वाकून माझा ओला ठसा बघू लागले. चांगल्या पायाचा ठसा मध्ये पोकळ असतो, टाच आणि चवडा यांना जोडणारी फक्त एक बारीक पट्टी कडेने उमटते, असं सासऱ्यांनी सर्वांना समजावलं. माझ्या ठशात पोकळ असं काही नव्हतं. टाचेपासून बोटांपर्यंत सगळा मुलूख एकच होता.

"हा पाय नव्हे," सासरे म्हणाले, "ही भाकरी आहे."

माजघराच्या दारात माझी आई उभी होती, ती आत निघून गेली. स्थळ मोडलं असंच सगळ्यांनी धरलं. त्या काळात मला तीन गोष्टींचा अभिमान होता: कचेरीतली नोकरी, थोडंफार इंग्रजी आणि मुंबईहून आणलेले बूट. तिन्हींपैकी एकही माझ्या मदतीला आली नाही. पण सासरे उपरणं झटकून उठले आणि म्हणाले, "पत्रिका सुधारत नाही, पाय सुधारतो. मुलगी दिली." माझ्या भाकरीत त्यांना काहीतरी गुप्त तेज दिसलं असावं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

त्यांचं नाव रघुनाथपंत. कल्याणच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आता पेन्शनीत निघालेले. पण कल्याणात त्यांना रघुनाथपंत कोणी म्हणत नसे. अनवाणी नाना, एवढंच. उंच वाळकी अंगकाठी, डोक्यावर पागोटं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि खाली ते दोन पाय. नाना चालत नसत, धावत. भाजी आणायला धावत जात, कीर्तनाला धावत जात. कोणाच्या मर्तिकालासुद्धा धावत जात आणि तिथे पोचल्यावर मग योग्य तो चेहरा करत.

जोडे का सोडले, याची हकीकत ते कोणालाही सांगत. त्या वेळी साहेबापुढे जाताना देशी जोडा असेल तर तो दाराबाहेर काढावा लागे, विलायती बूट असेल तर घालून आत गेलं तरी चाले. बरेच कारकून बूट घेऊन मोकळे झाले. नानांना जोडा काढणंही अपमानाचं वाटलं आणि बूट घेणंही. "जो घातलाच नाही, तो काढायचा कुठून?" असं म्हणून त्यांनी जोडा घरीच ठेवला. पुढे साहेब बदलले, नियम ढिले झाले, पण तोवर नानांना तळव्यांचा नाद लागला होता.

"हात कोणी जन्मभर पिशवीत बांधून ठेवतं का?" ते विचारत. "मग पायानं काय पाप केलंय?" त्यांचं म्हणणं असं, की पायात एवढी बारीक हाडं देवाने दिली ती काम करायला. बूट चढवला की ती सगळी जावयासारखी बसून खातात. हा दाखला ते माझ्यादेखतच देत.

एकदा कचेरीत त्यांच्या चालण्याचा टक टक आवाज येऊ लागला. मामलेदारांनी कौतुकाने विचारलं, "नाना, अखेर बूट घेतलेत?" नानांनी पाय उचलून पाहिला तर तळव्यात खिळा. नुसता कातडीत रुतून बसला होता, आत मांसापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणून त्यांना पत्ता नव्हता. तो खिळा त्यांनी देवघराच्या कोनाड्यात जपून ठेवला आणि आल्यागेल्याला ते दाखवत. एका बालमित्राने थट्टेत म्हटलं, "नाना, वयाबरोबर पाय कोवळा झाला वाटतं." नाना त्याच्याशी पुढची दिवाळी येईपर्यंत बोलले नाहीत.

आता माझ्या बुटांविषयी. ते मला घट्ट होते. दुकानात माझ्या मापाचा जोड होता, पण तो फार रुंद आणि गावंढळ दिसत होता, म्हणून मी एक माप लहान घेतलं. चालताना ते असे करकरत की मी वळणावर आलो हे घरी कळायचं. आत माझी बोटं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली असत. करंगळीवर कुरूप झालं होतं, आणि घोटा तर दर महिन्याला नेमाने मुरगळायचा. आई आंबेहळदीचा लेप लावायची आणि मी लंगडत, पण करकरत, कचेरीला जायचो.

लग्नात सासऱ्याने जावयाचे पाय धुवायचे असतात. नानांनी माझा पाय ताम्हनात घेतला आणि तो सोडेचनात. भटजींचा मंत्र संपला, त्यांनी पुन्हा सुरू केला, तोही संपला. नाना अंगठ्याने माझा तळवा दाबून बघत होते. "इथं दुखतं?" त्यांनी हळूच विचारलं. दुखत होतं. अंतरपाट धरायला उभ्या असलेल्या मंडळींसमोर मी "नाही" म्हणालो आणि डोळ्यांतून पाणी काढलं. बायकांमध्ये कौतुक झालं की मुलगा किती हळवा आहे.

यथाकाल मुलगी आमच्याकडे नांदायला आली. ती फार गप्प असायची. आई सांगेल ते काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची. आणि पुढच्याच रविवारी सकाळी नाना धावत आले.

कल्याणहून पहाटे निघायचं, ठाकुर्ली, डोंबिवलीची भाताची खाचरं, मुंब्र्याच्या डोंगराची कड, मग कळवा, तिथून तरीच्या होडीने खाडी उतरून ठाणे. सहज सहा-सात कोस. ही म्हणे तळव्यांची तालीम होती. परत मात्र दुपारच्या आगगाडीने जायचं. "येताना पाय हलके असतात, जाताना जड होतात," असं त्याचं शास्त्रीय कारण ते देत.

तेव्हापासून दर रविवार ठरून गेला. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत नाना काटेकोर पाळत. एवढं धावून आलेला माणूस, पण आमच्या घरचा घोट घेत नसे. घरातही येत नसत. कामाशिवाय लेकीच्या दारी बसायचं नाही, हाही त्यांचाच नियम. पण दर वेळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तळ्याच्या कोपऱ्यावर त्यांचं धावणं मोडायचं आणि ते लंगडू लागायचे. लंगडतच ओट्याच्या पायरीवर येऊन टेकत आणि म्हणत, "काटा गेला वाटतं. सुई आहे का घरात?"

मग आमचं कुटुंब सुई घेऊन बाहेर येई, खालच्या पायरीवर बसून बापाचा पाय मांडीवर घेई आणि काटा शोधू लागे. तो काटा काही लवकर निघत नसे. वाकून वाकून ती शोधायची, नाना हळू आवाजात काहीबाही सांगायचे, गाईला वासरू झालं, परसातल्या फणसाला फळ धरलं, अमकीचं लग्न ठरलं. मधूनच ती हसायची. आठवड्यातून तेवढंच एकदा तिचं हसू ऐकू यायचं. मी रविवारी घरी असतो म्हणून ती खुशीत असते, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

काटा निघाला की नाना उठत, तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसत आणि उपरण्यात बांधून आणलेली दशमी एकटेच खात. सासूबाई मी लग्नाला उभा राहण्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या, त्यामुळे दशमी नानांनीच भाजलेली असे. एका बाजूला करपलेली.

मी त्यांची थट्टा करायची संधी का सोडू? पाटावरची भाकरी मी विसरलो नव्हतो. मी ओट्यावर बुटांसकट बसायचो आणि विचारायचो, "काय नाना, इतकी वर्षं कमावलेला तळवा, आणि दर रविवारी काटा? आमच्या बुटात नाही कधी काटा जात." गल्लीतले लोक हसायचे. ज्या माणसाने कोवळ्या पायाच्या थट्टेवरून बालमित्राशी अबोला धरला, तो माणूस खाली बघत पुटपुटायचा, "ठाण्याचे काटे फार वाईट हो, जावईबुवा." मला वाटायचं, जिरवली.

आईला मात्र नानांचं हे येणं पटत नव्हतं. "हे व्याही आहेत की शेजारी?" ती म्हणायची. "लोक काय म्हणतील? सुनेला इथं काय छळ होतोय, म्हणून बाप दर आदितवारी बघायला येतो? माझ्या बापानं कधी माझा सासरचा उंबरा पाहिला नाही." हे शेवटचं वाक्य ती जरा वेगळ्या आवाजात म्हणायची, पण आईचे आवाज तपासण्याइतका मी हुशार नव्हतो.

अशात एके दिवशी कचेरीच्या जिन्यावर माझा घोटा मुरगळला. एकटा पडलो असतो तर ठीक होतं. खालून साहेब वर येत होता आणि मी दप्तरासकट त्याच्या पायांशी येऊन पोचलो. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. माझ्या त्या थोड्याफार इंग्रजीपैकी मला फक्त "थँक यू" आठवलं. ते मी पडल्यापडल्या दोनदा म्हणालो.

रविवारी नानांनी माझा सुजलेला घोटा पाहिला. थट्टा केली नाही. "सूज उतरू द्या," ते म्हणाले, "मग आधी तळवा."

तालीम सुरू झाली ती चिंचोक्यांनी. जमिनीवर चिंचोके पसरायचे, पायाच्या बोटांनी एकेक उचलायचा आणि वाटीत टाकायचा. पहिले कित्येक दिवस माझी बोटं जागची हललीच नाहीत, त्याऐवजी माझी जीभ बाहेर यायची. आईने मला खोलीत एकटाच, एका पायावर, जीभ बाहेर काढून उभा असलेला पाहिला आणि मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

मग अनवाणी चालणं. आधी खाडीकाठची ओली रेती, मग गवत, मग पायवाट. "घाई नको," नाना बजावायचे. "पाय नवा आहे असं समजा. आज थोडं, उद्या विसावा. टाच आपटत धावू नका, टाच उभं राहायला आहे. धावताना चवडा आधी, लहान पावलं, आवाज होता कामा नये." मी सुशिक्षित माणूस असल्यामुळे घाई केली. आठवड्यातच मुंब्र्यापर्यंत धावून दाखवतो म्हणालो, कळव्यापाशीच पोटरी धरली, चवड्याला ठणका लागला आणि बैलगाडीतून, भाताच्या पेंढ्यावर निजून, खाडीपर्यंत आणि मग होडीने घरी आलो. नानांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बूट आवाज करत होते, आता तुम्ही करता." पुन्हा चिंचोके.

पण हळूहळू काहीतरी होऊ लागलं खरं. पावसाळा गेला, थंडी गेली. कुरूप गेलं. घोटा मुरगळायचा विसरला. बोटं एकमेकांपासून सुटी झाली आणि इतकी पसरली की बूट पायात जाईनात. पाटावर ओला पाय ठेवून पाहिला तर भाकरीचा मधला भाग, अगदी थोडा, पण खाल्लेला दिसत होता. त्या सकाळी मी इतका खुश झालो की तो पाट वाळेपर्यंत कोणाला हलवू दिला नाही. आईला नैवेद्य थांबवावा लागला.

त्याच सुमारास आईने आपला निर्णय सांगितला. आमच्याकडे रविवारी सकाळी सखाराम न्हावी यायचा. "त्याच्याकडे चांगला चिमटा आहे," आई म्हणाली. "या खेपेला व्याह्यांचा काटा तोच काढील. क्षणाचं काम. सुनेनं भर ओट्यावर बसून तास घालवायला नको. आणि क्षणात काटा निघाला की व्याहीही वाटेला लागतील." आतल्या बाजूला भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, बरं आहे. खरंच बरं वाटलं मला. उगाच त्या बिचारीचे डोळे शिणतात.

शनिवारी कचेरीतून आल्यावर मी नेहमीप्रमाणे खाडीकडे धावायला गेलो. परतताना कुंपणाशी पडलेल्या बाभळीच्या फांदीवर माझा पाय पडला, चांगला सगळ्या वजनानिशी. मी डोळे मिटले. काही झालं नाही. पाय उचलून पाहिलं तर बोटभर लांबीचा काटा तळव्याखाली मोडून पडला होता. कातडीवर नुसता पांढरा ओरखडा. तो मोडका काटा मुठीत धरून मी घराकडे असा धावलो की खाडीवरून मासळी घेऊन येणाऱ्या बायका वाट सोडून बाजूला झाल्या.

कुटुंब परसात विहिरीवर धुणं पिळत होतं. दिवसाउजेडी बायकोशी बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, पण आई देवळात गेली होती आणि मला राहवेना.

"हे बघ," मी मूठ उघडली. "बाभळीचा. मोडला, पण आत गेला नाही. एक वर्षसुद्धा झालं नाही मला, आणि आता मला काटा लागतच नाही. मग नानांना, त्यांना तर..."

मी तिथेच थांबलो. ज्या पायात खिळा शिरला नव्हता, जो पाय माझ्या जन्माआधीपासून जोड्यावाचून होता, त्या पायात दर रविवारी, नेमका आमच्या तळ्याच्या कोपऱ्यावर, काटा जात होता.

तिने पिळा तसाच हातात धरला होता. वर बघत नव्हती.

"कधीच नव्हता?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "पहिल्या खेपेला मी खरंच शोधला," ती म्हणाली. "मग नाना म्हणाले, शोधत राहा."

गल्लीतले लोक माझ्या थट्टेवर हसत असताना खाली बघणारे नाना मला दिसत होते. आपल्या तळव्यासाठी जन्माच्या मित्राशी अबोला धरणारा माणूस आमच्या गल्लीत दर आठवड्याला कोवळ्या पायाचा ठरत होता, आणि तो ठरवणारा मी होतो. माझे डोळे भरून आले, आणि या खेपेला तळवा कोणी दाबला नव्हता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "नानांनी माझ्यासारख्याला मुलगी दिली तरी कशी? असले पाय."

"पुण्याचं एक स्थळ होतं," ती म्हणाली. "त्या मुलाचे पाय नानांना फार आवडले होते. ठसा अगदी मनासारखा होता म्हणे."

"मग?"

"पुण्याहून धावत येणं व्हायचं नाही."

तर हे माझं गुप्त तेज. माझी नोकरी नव्हे, इंग्रजी नव्हे, पत्रिका नव्हे, पाय तर नव्हेतच. मी फक्त टप्प्यात होतो.

पिळा दोरीवर टाकता टाकता तिचा हात थांबला. "उद्या सखाराम बघेल," ती म्हणाली. "त्याला काटा सापडणार नाही. तो गल्लीभर सांगेल. मग नाना यायचे नाहीत." आई देवळातून आल्याची चाहूल लागली आणि ती बादली घेऊन आत गेली.

रविवारी सकाळी सखाराम ओट्यावर धोपटी उघडून बसला होता. वस्तऱ्याशेजारी तो चिमटा चकचकीत करून ठेवलेला. शेजारचे एकदोघे आपली पाळी यायची म्हणून कट्ट्यावर बसले होते. आई माजघराच्या दाराशी. तळ्याच्या कोपऱ्यावर पागोटं दिसलं, धावणं मोडलं, लंगडणं सुरू झालं.

"काटा गेला वाटतं," नाना पायरीवर टेकत म्हणाले. "सुई आहे का..."

"या नाना, पाय इकडे करा," सखाराम चिमटा उचलत म्हणाला. "मी आत्ता उपटून देतो. आईच म्हणाल्या, की सखारामा, तूच काढ."

नानांनी पाय हळूच धोतराखाली घेतला. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. तिथे त्यांची मुलगी सुई घेऊन उभी होती, पण उंबऱ्याच्या आत. इतका धावून आलेला तो माणूस मला पहिल्यांदाच दमलेला दिसला.

"सखाराम, तो चिमटा ठेव," मी म्हणालो. "आधी माझी हजामत कर. नानांचा पाय तसला नाही. फार नाजूक आहे, चिमटा सोसायचा नाही. त्याला घरच्याच माणसाचा हात लागतो."

कट्ट्यावरचे शेजारी नानांच्या तोंडाकडे बघू लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मी अनवाणी होतो. चवड्यापाशी तो पांढरा ओरखडा अजून दिसत होता. त्यांना सगळं वाचता आलं असावं, तळवा वाचायचीच त्यांची विद्या.

"हो," नाना सावकाश म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाय नाजूक आहे खरा."

मी आईकडे बघायचं टाळत होतो. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, तोच वेगळा आवाज. "अगं, उंबऱ्यात काय उभी? जा बाहेर. आणि बारीक सुई घे, ती जाडी नको. घाई करू नकोस, दुखेल त्यांना."

ती बाहेर आली, खालच्या पायरीवर बसली, बापाचा पाय मांडीवर घेतला आणि वाकून शोधू लागली. नाना सांगू लागले, फणस उतरवले, दोन शेजारी दिले, तिसरा कापला तर आत गरेच फार. मी सखारामापुढे मान वाकवून बसलो होतो. त्याने डोकं केलं, दाढी केली, पुसलं, आरसा पुढे धरला. मागून तिचं हसू ऐकू येत होतं. काटा अजून निघाला नव्हता.

मी सखारामाला पुन्हा पाणी लावायला सांगितलं.